कर्दळ माजते पण फुलत नाही? लावणीपासून छाटणीपर्यंतचा क्रम

कर्दळ सहजासहजी मरत नाही, आणि तिच्या बाबतीतल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. मोरीच्या पाण्यावर, कुंपणाच्या कडेला, कुठेही कंद टाकला तरी पानं फुटतात. त्यामुळे हिला काही करावं लागत नाही, असा समज पक्का होतो. दोन वर्षांनी मग तक्रार सुरू होते की झाड पुरुषभर वाढलं, पण फूल एखाददुसरंच. त्यावर लोक आधी खत ओततात. खरं तर खत कमी पडलं म्हणून फूल आलं नाही, असं क्वचितच होतं. ऊन कमी, कंदांची दाटी आणि चुकीच्या जागी चालवलेली कात्री या तिघांपैकी एक कारण जवळजवळ नेहमी सापडतं.

खालचा क्रम महाराष्ट्रातल्या हवेला धरून दिला आहे. थंड देशांतल्या वाचकांसाठीचा भाग शेवटी आहे. तो इथल्यांनी पाळू नये.

## १. आधी जागा, मग कंद

कर्दळीला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. नुसता उजेड पुरत नाही. आंब्याखाली किंवा दोन इमारतींच्या मधल्या बोळात ती उंच होते, पानं मोठी करते आणि तिथेच थांबते. सकाळपासून दुपारपर्यंतचं ऊन मिळालं तर उत्तम. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर थोडी सावली असली तर पानांच्या कडा कमी करपतात.

वाऱ्याचाही विचार करा. पानं रुंद असल्याने मोकळ्या गच्चीवर ती केळीच्या पानांसारखी चिरतात. चिरल्याने झाड मरत नाही, पण शोभा जाते. पाच-सहा फूट वाढणारी जात आठव्या मजल्यावरच्या गच्चीत लावू नका. तिथे दोन-तीन फुटांची ठेंगणी जातच हवी.

कुंडीत लावायची असेल तर ठेंगण्या जातीलाही चौदा-सोळा इंच व्यासाची, तेवढीच खोल कुंडी लागते. दहा इंची कुंडीत कंद एका हंगामात भिंतीला टेकतात, आणि प्लास्टिकची पातळ कुंडी फुगून तडकतेही.

तपासा: सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता त्या जागेवर ऊन आहे का ते बघा. तीनपैकी दोन वेळा सावली असेल तर जागा बदला. तिथे अळू लावा, छान येईल.

## २. कंद कसा निवडायचा

कर्दळीचा कंद म्हणजे आल्या-हळदीच्या जातकुळीचा, फांद्या फुटलेला जाड गड्डा. चांगला कंद दाबून पाहिला तर टणक लागतो. त्यावर किमान दोन, शक्यतो तीन डोळे असावेत. डोळा म्हणजे पांढुरका किंवा गुलाबीसर टोकदार कोंब. मऊ पडलेला, आंबूस वास येणारा किंवा हाताला हलका लागणारा कंद फुकट मिळाला तरी घेऊ नका.

पण नुसता कंद बघून अर्धीच माहिती कळते. जमलं तर ज्या झाडाचा कंद आहे त्याची पानं बघा. कर्दळीला विषाणूरोग होतो आणि तो कंदातूनच पुढच्या झाडात जातो. रोगट झाडाच्या पानांवर शिरांच्या मधून तुटक, वेडेवाकडे पिवळे पट्टे दिसतात. पुढे तेच पट्टे तपकिरी होऊन वाळतात, पान आक्रसतं. पट्टेदार पानांच्या जातींमुळे इथे गोंधळ होतो. ‘प्रिटोरिया’सारख्या जातीत पिवळे पट्टे असतातच, पण ते शिरेला धरून, मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत सलग आणि सगळ्या पानांवर सारखे असतात. पट्टे एका पानावर आहेत, दुसऱ्यावर नाहीत, आणि मध्येच तुटतात, असं दिसलं तर ती जातीची खूण नव्हे, रोग आहे.

म्हणून पाकिटातल्या सुक्या कंदापेक्षा शेजाऱ्याच्या बागेतला, डोळ्यांनी पाहिलेल्या झाडाचा कंद बरा. नर्सरीतून घेणार असाल तर पावसाळ्यात फुललेलं रोपच उचला. रंग, उंची, पानांची तब्येत, सगळं समोर दिसतं. पाकिटावर सात रंगांचे फोटो असतात आणि घरी फुलतो बहुधा एकच, पिवळा नाहीतर लाल.

उंची विचारून घ्या. ‘ल्युसिफर’ ठेंगणी आहे, तांबडी फुलं आणि पिवळी किनार. ‘प्रेसिडेंट’ हिरव्या पानांची, लाल फुलांची. ‘वायोमिंग’ची पानं तांबूस-जांभळी आणि फूल केशरी. ती उंच जाते, तेव्हा कुंपणालाच शोभते.

## ३. मातीची तयारी

लावणीच्या किमान पंधरा दिवस आधी जमीन खणून ठेवा. फूटभर खोल खणा, ढेकळं फोडा, दगड आणि हरळीच्या मुळ्या वेचून काढा. हरळी राहिली तर ती कंदांच्या जाळ्यात शिरते आणि नंतर काढता येत नाही.

दर चौरस मीटरला साधारण पाच किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन-तीन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळा. ‘पूर्ण कुजलेलं’ हे महत्त्वाचं. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणी येते आणि कोवळी मुळं कुरतडते. चांगल्या शेणखताला शेणाचा वास येत नाही आणि ते मुठीत भुसभुशीत लागतं.

काळ्या चिकणमातीत थोडी जाडसर वाळू किंवा भाताचा जुना तूस मिसळा. कोकणातल्या तांबड्या जमिनीत उलट करायचं. पाणी धरून ठेवायला शेणखत आणि पालापाचोळा जास्त घाला, पण वाफा सहा इंच उंच उचला. कर्दळीला पाणी आवडतं हे खरं, पण ते पानं आल्यावर. मुळं न फुटलेला कंद पावसाळी चिखलात पडून राहिला तर कुजतो.

कुंडीसाठी दोन भाग बागेची माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट. नुसत्या कोकोपीटमध्ये लावू नका. पाच फुटी झाड एका वाऱ्यात कुंडीसकट आडवं होतं.

## ४. लावणीची वेळ

दोन वेळा सोयीच्या आहेत. थंडी सरल्यावर, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, हाताशी पाणी असेल तर. किंवा जूनमध्ये, पहिला चांगला पाऊस पडून जमिनीतली वाफ निघून गेल्यावर. कोकणात जुलैच्या मुसळधारेत लावणी टाळा. त्यापेक्षा मेअखेरीस लावून जूनपर्यंत कोंब वर आलेले बरे.

डिसेंबर-जानेवारीत लावलेला कंद महिनाभर जमिनीत नुसता पडून राहतो. लोक तो मेला समजून उकरून बघतात आणि त्या उकरण्यातच कोंब मोडतो.

## ५. प्रत्यक्ष लावणी

१. मोठा गड्डा असेल तर धारदार सुरीने तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे राहू द्या. एका डोळ्याचा तुकडाही उगवतो, पण त्याचं झाड पहिल्या हंगामात किरकोळ राहतं.

२. सुरी प्रत्येक गड्ड्यानंतर स्पिरिटने पुसा. रोग पसरण्याची मोठी वाट ही सुरीच असते आणि पुसायला अर्धं मिनिटही लागत नाही.

३. कापलेले तुकडे सावलीत एक-दोन दिवस ठेवा. कापलेली बाजू हाताला कोरडी लागली पाहिजे. ओली जखम थेट ओल्या मातीत गेली की कुज तिथूनच सुरू होते.

४. दोन-तीन इंच खोल खळगा करा. तुकडा आडवा ठेवा, डोळे वर. कांद्यासारखा उभा खोचू नका. फूटभर खोलही पुरू नका. कोंब वर येतोच, पण सगळी ताकद खर्चून येतो.

५. ठेंगण्या जातीत दीड फूट, उंच जातीत दोन फूट अंतर ठेवा. वाफा ओकाबोका दिसेल, दिसू द्या. एका वर्षात जागा भरते.

६. माती ओढून हाताने हलकेच दाबा आणि एकदा पोटभर पाणी द्या.

सावध: यानंतर पहिलं पान दिसेपर्यंत हात आवरा. वरची दोन बोटं माती कोरडी झाली तरच पाणी द्या. कोंब उबेत दोन-तीन आठवड्यांत येतात, गारव्यात जास्त वेळ लागतो. या काळात रोज झारीभर पाणी घालणं ही लावणीतली सगळ्यांत नेहमीची चूक आहे.

शेजाऱ्याने पानांसकट उपटलेला फुटवा दिला असेल तर दांडा वीतभर ठेवून वरचा भाग कापून टाका. तुटक्या मुळांना एवढी मोठी पानं पोसता येत नाहीत. न कापता लावलं तर ते आठ दिवस मान टाकून उभं राहतं, मग वाळतं.

बियांपासून करायची हौस असेल तर एवढं लक्षात ठेवा की कर्दळीची काळी बी छऱ्यासारखी टणक असते. तशीच पेरली तर महिनोन्‌महिने पडून राहते. कानशीने किंवा जाड पॉलिश पेपरने एका बाजूचं काळं कवच घासा, आतला पांढरा भाग दिसला की थांबा. मग कोमट पाण्यात एक-दोन दिवस भिजवा आणि अर्धा इंच खोल पेरा. संकरित झाडाच्या बीतून आईसारखं फूल येईलच असं नाही. ठरावीक रंग हवा असेल तर कंदच लावा.

## ६. पाणी आणि खत

चार पानं झाली की पाण्याचा नियम उलटतो. आता कर्दळ तहानलेली राहता कामा नये. उन्हाळ्यात जमिनीतल्या झाडाला एक-दोन दिवसांआड, कुंडीतल्याला रोज, आणि मे महिन्यात लहान कुंडीला सकाळ-संध्याकाळ पाणी लागू शकतं. पानाच्या कडा तपकिरी होऊन आत वळू लागल्या की पाणी कमी पडतंय असं समजा. पाणी बुडाशी द्या. पानांवर संध्याकाळी फवारा मारायची सवय तांबेऱ्याला, म्हणजे पानांवरच्या नारिंगी बुरशीला, आमंत्रण देते.

मोरीचं पाणी चालतं. सांडपाणी शुद्ध करण्याच्या वाफ्यांमध्ये कर्दळ मुद्दाम लावतात ती याच गुणासाठी. पण संडास-बाथरूम धुण्याचं ॲसिड किंवा ब्लीच त्या पाण्यात जात असेल तर ते वळवा. कपड्यांच्या साबणाचं पाणी रोज जात असेल तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा साध्या पाण्याने वाफा धुऊन काढा, नाहीतर मातीवर पांढरा क्षार चढतो. आणि पाणी जिरलं पाहिजे. आठवडाभर डबकं राहिलं तर कर्दळीला काही होणार नाही, पण घरात डास होतील.

खताचं सांगायचं तर दर महिन्याला प्रत्येक बुंध्याला दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत जमिनीतल्या झाडाला पुरतं. कुंडीतल्या झाडाला पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत, पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं, पाण्यातून द्या. युरिया टाळा. युरियाने पानं गडद, रुंद, देखणी होतात आणि फुलं मागे पडतात. देखण्या पानांकडे बघून माणूस आणखी युरिया घालतो.

## ७. छाटणी

निम्म्याहून अधिक फुलं इथेच वाया जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

कर्दळीचा प्रत्येक दांडा जमिनीतून वेगळा येतो आणि त्याचं फूल त्याच्या शेंड्यावर येतं. म्हणजे न फुललेल्या दांड्याचा शेंडा कापला की त्या दांड्याचं फूल गेलं. तो दांडा पुन्हा शेंडा काढत नाही. सोसायट्यांच्या बागेत झाडं एका उंचीची दिसावीत म्हणून माळीदादा मेंदीच्या कुंपणासारखी कर्दळ सपाट कापतात, आणि मग वर्षभर नुसती हिरवळ उभी राहते. न फुललेला दांडा कधीही मधून कापायचा नाही.

आता फुललेला दांडा जवळून बघा. तुऱ्यावर कळ्या खालून वर उमलतात. एकेक फूल जेमतेम एक-दोन दिवस टिकतं, मग ओल्या कागदासारखं लोंबतं. हे कोमेजलेलं फूल दोन बोटांत धरून बाजूला ओढून काढा, पण सांभाळून. त्याच्या बुडाशीच अनेकदा दुसरी कळी चिकटलेली असते, बोटाच्या पेरापेक्षा लहान. घाईत ओरबाडलं तर तीही जाते.

पूर्ण तुरा संपला की खाली नजर न्या. वरच्या पानाच्या बेचक्यात एक टोकदार कोंब डोकावताना दिसेल. तो दुसरा तुरा आहे. पहिला तुरा त्या कोंबाच्या अगदी वर कापा. कोंब दिसत नसेल तर बेचकं बोटाने दाबून बघा. आत काहीतरी कडक लागलं तर तुरा आतमध्ये आहे, आठवडाभर थांबा. एका दांड्यावर असे दोन, कधी तीन तुरे येतात.

सगळे तुरे संपून बेचकं रिकामं लागलं, की मग मात्र तो दांडा जमिनीलगत कापा. दया करू नका. त्या दांड्यावर आता फूल येणार नाही. तो उभा राहिला तर नव्या फुटव्यांचं ऊन अडवतो. हा दांडा वेळेवर काढत गेलात तर कंदातून नवे फुटवे येत राहतात आणि आपल्या हवेत जवळजवळ वर्षभर काही ना काही फुललेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत जोर कमी होतो, तेवढंच.

हिरवी, काटेरी दिसणारी बोंडं धरली तर तीही काढा. बी हवी असेल तर एखाद्या तुऱ्यावर ठेवा.

तपासा: कात्री लावण्याआधी दोन प्रश्न. हा दांडा फुलून गेला आहे का? बेचक्यात कोंब नाही ना? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर कापू नका. दुसऱ्यात कोंब सापडला तर फक्त तुरा कापा.

## ८. दाटी मोडणं

दोन-तीन वर्षांत कंद एकमेकांवर चढतात. बेटाचा मधला भाग रिकामा होतो, फुटवे फक्त कडेने येतात आणि दांडे बारीक होतात. हे दिसलं की वाफा उकलायची वेळ झाली. कुंडीत हे एका वर्षातच होतं.

फेब्रुवारी-मार्च किंवा जूनची सुरुवात निवडा. आदल्या दिवशी पाणी द्या. दांडे वीतभर ठेवून कापा. मग बेटापासून फूटभर लांब चारी बाजूंनी कुदळ घाला आणि गड्डा पहारीने उचला. अगदी बुंध्याशी कुदळ मारली तर चांगले डोळेच तुटतात. पाण्याने माती धुतली की जुने, तपकिरी, डोळे नसलेले कंद आणि कडेचे ताजे कंद वेगळे ओळखू येतात. जुने कंपोस्टमध्ये जाऊ द्या. ताजे पुन्हा तिसऱ्या टप्प्यातली माती करून लावा. सगळेच कंद पुन्हा त्याच वाफ्यात कोंबायचा मोह आवरा, वाटून टाका.

## ९. रोग आणि कीड

पान गुंडाळणारी अळी: नवं पान सुरळीसारखंच राहतं, उलगडत नाही. धाग्यांनी शिवल्यासारखं दिसतं. उघडल्यावर आत अळी आणि काळी विष्ठा सापडते. पुढे पान उलगडलं की त्यावर एका ओळीत भोकं दिसतात. दोन-चार झाडं असतील तर सुरळी उघडून अळी वेचणं सगळ्यांत खात्रीचं. जास्त असेल तर बीटी हे जैविक कीडनाशक संध्याकाळी सुरळीच्या तोंडात फवारा. बाहेरून पानावर मारलेलं औषध आतल्या अळीपर्यंत पोचत नाही.

तांबेरा: पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी पूड धरलेले ठिपके. बोट फिरवलं तर बोटाला रंग लागतो. पावसाळ्यात, दाटीत जास्त. अशी पानं काढून पिशवीत भरून टाका, कंपोस्टमध्ये नको. दाटी मोडा. फार पसरला तर मॅन्कोझेब लेबलवरच्या प्रमाणात, हातमोजे आणि मास्क घालून, पाऊस नसताना फवारा.

विषाणू: दुसऱ्या टप्प्यात सांगितलेले तुटक पिवळे पट्टे. यावर औषध नाही. कंदासकट उपटा आणि नष्ट करा. ‘पुढच्या फुटव्यात सुधारेल’ म्हणून ठेवलेलं झाड मावा आणि पिठ्या ढेकणांमार्फत बाकीच्यांनाही ओढतं. म्हणून या दोन किडी दिसताच साबणाच्या पाण्याने किंवा नीमतेलाने आवरा.

गोगलगायी: पाऊस सुरू झाला की रात्री कोवळे कोंब साफ करतात. सकाळी नुसती चकाकती रेघ दिसते. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओलं गोणपाट पसरून ठेवा. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ वाफ्यात टाकू नका, माती खराब होते.

## १०. थंडीत कंद काढायचे का?

महाराष्ट्र-गोव्यात नाही. निफाड किंवा महाबळेश्वरच्या एखाद्या कडक रात्री पानं करपली तरी जमिनीतला कंद सुखरूप असतो. करपलेली पानं काढा, बुंध्याशी चार बोटं पाला पसरा आणि पाणी कमी करा.

न्यू जर्सी, टोरांटो अशा ठिकाणी जमीन गोठते, तिथे मात्र काढावेच लागतात. पहिल्या हिमाने पानं काळी पडली की दांडे वीतभर ठेवून कापा, कंद उचला, माती झटका आणि काही दिवस सुकवा. खोक्यात किंचित दमट कोकोपीट किंवा लाकडाचा भुसा घालून त्यात कंद एकमेकांना न टेकतील असे ठेवा. खोकं जिथे साधारण ५ ते १० अंश सेल्सिअस राहतं अशा अंधाऱ्या तळघरात किंवा गॅरेजमध्ये ठेवा. बंद प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरून बुरशी येते. महिन्यातून एकदा हात घालून बघा. मऊ पडलेला तुकडा लगेच काढा, सुरकुतलेल्यांवर पाण्याचा हलका शिडकावा मारा. मार्च-एप्रिलमध्ये कुंडीत लावून घरातल्या उन्हाच्या खिडकीत ठेवा आणि हिमाची भीती पूर्ण संपल्यावरच बाहेर काढा.